पावलाएवढा देश

"मॅडमनं मला भूतान देलं. म्हंजे आता पंधरा दिवस गच्चीवर सावली धरून बसायचं."

मी जिन्याच्या वळणावर थांबले. वर गच्चीच्या दारात मुलं चपला काढत होती, त्यांना मी दिसत नव्हते. बोलणारा हट्टा गावचा गोविंद होता. आमच्या त्या वर्षीच्या तुकडीत सगळ्यात मोकळं आणि सगळ्यात मोठ्यानं बोलणारा मुलगा.

"मग काय, चीन पाह्यजे होता का तुला?" हा शीतलचा आवाज. शीतल आखाडा बाळापूरची, आणि चीनची चिठ्ठी तिलाच निघाली होती.

"चीन नको. पण नेपाळ तरी निघायचा. त्यायला निदान रुसता तरी येते. भूतान काय करते? गप बसते."

"मग तुला बराबर निघालं. पंधरा दिवस तुझं तोंड बंद राहील, आमाला सुख."

मी लाजाळू आहे. अशा वेळी खाकरून वर जाणं मला जमत नाही, बोलणं संपेपर्यंत मी तिथंच उभी राहते. या स्वभावाचे तोटे पुष्कळ आहेत, पण माझ्या धंद्यात एक फायदा आहे. मुलांना खरोखर काय वाटतं ते मला वर्गात नाही, जिन्यात कळतं.

धंदा कोणता ते सांगते. हिंगोलीतल्या एका अभ्यास केंद्रात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शेजारी देश शिकवते. लेखी परीक्षा पार केलेल्या मुलांना मुलाखत द्यावी लागते. टेबलापलीकडे काही ज्येष्ठ माणसं बसतात आणि काहीही विचारतात. ते 'काहीही' आम्ही आधीच विचारून ठेवायचं, म्हणजे खऱ्या टेबलाशी मुलाचा घसा कोरडा पडत नाही. केंद्र इंगोले सरांचं आहे. ते इतिहास घेतात, मी जग घेते.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. सुरुवातीला मी पुस्तकातून शिकले होते तसंच शिकवायचे. दोन बलाढ्य राष्ट्रांच्या मधलं छोटं राष्ट्र म्हणजे बफर स्टेट, लिहून घ्या. मुलं लिहून घ्यायची, पाठ करायची आणि मला म्हणून दाखवायची. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाला मी म्हटलं, व्याख्या नको, तुला काय कळलं ते सांग. तो म्हणाला, "दोन बैलाच्या मधी जे चेंगरते ते." वर्ग हसला. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्यानंतर व्याख्या सांगणं सोडून दिलं.

मग गच्चीवर नकाशा आला. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला आम्ही गच्चीच्या फरशीवर दक्षिण आशिया काढायला बसवलं. वरच्या बाजूला चीन, खाली समुद्र. त्यानं काम सुरेख केलं, फक्त भूतान मापाच्या तिप्पट काढला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नाव कशात बसवू? तीन अक्षरं हायत, अन् तुमी देता येवढीशी जागा." मी त्याला तो पुसून मापात काढायला लावला आणि नाव बाहेर, बाणाच्या टोकाला लिहायला सांगितलं. रंग वाळल्यावर मी त्यावर एक पाऊल ठेवून पाहिलं. देश पावलाखाली झाकून गेला.

दरवर्षी मुलाखतींच्या आधी आम्ही तिथं देश-देश खेळतो. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, पंधरा दिवस त्या देशाच्या बातम्या वाचायच्या, आणि गच्चीवर उभं राहून त्या देशाच्या वतीनं बोलायचं. भाषा ज्याची त्याची. नियम एकच, नकाशावर चपला घालून यायचं नाही. तो नियम मी केलेला नाही. पहिल्याच दिवशी मुलांनी आपण होऊन चपला दारात काढल्या आणि तीच रीत पडली.

या खेळानं मला बरंच काही दाखवलंय. एका वर्षी भारत आणि पाकिस्तान झालेली, एकाच खोलीत राहणारी दोन मुलं एका डब्यात जेवेनाशी झाली. मेसच्या मावशी थेट केंद्रावर आल्या. "काय खेळ लावलाय हो मॅडम? पोरं वेगळाले डबे मागून राहिले. माझ्याजवळ डबे न्हाईत तेवढे." एका वडिलांनी फोन करून सांगितलं की आमच्या घरात पाकिस्तान चालायचं नाही, दुसरं काहीही द्या. त्यांच्या मुलाला मी श्रीलंका दिली. आठवड्यानं पुन्हा त्यांचाच फोन, पोरगं घरी जेवताना कर्जफेडीवर भाषणं देतंय, आता काय करायचं.

भूतान मात्र कुणालाच नको असतो. ज्याला निघतो तो पडलेल्या तोंडानं येतो. भूतानला समुद्र नाही. त्यांचं तेल, धान्य, यंत्रं बहुतेक सगळं आपल्या रस्त्यांवरून वर जातं. सैन्य लहान, त्याच्या प्रशिक्षणालाही आपली मदत. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला चीन. मुलांना वाटतं, या देशाच्या हातात आहेच काय?

मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग वाचत गेले आणि थक्क होत गेले. ज्या पाच बड्या राष्ट्रांच्या होकार-नकारावर जगाचा कारभार हलतो, त्यांतल्या एकाचाही दूतावास भूतानच्या राजधानीत नाही. अमेरिकेचा नाही, रशियाचा नाही, चीनचाही नाही. भांडण नाही, वैर नाही, नुसतं अंतर ठेवलंय. एकाला घरात घेतलं की दुसरा दारात उभा राहतो, हे त्यांनी फार आधी ओळखलं असावं. आणि आपल्याकडच्या अतिरेक्यांनी त्यांच्या जंगलात तळ ठोकले, तेव्हा वर्षानुवर्षं समजावून पाहिल्यावर त्या चिमुकल्या सैन्यानं ते तळ मोडले. राजा स्वतः मोहिमेवर गेला होता. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन पुन्हा नकाशा पाहिला. या वेळी त्यावर पाऊल ठेवलं नाही.

पण हे मी मुलांना आधी सांगत नाही. खेळातून कळू देते.

गोविंदचा पहिला आठवडा खरंच सावली धरून बसण्यात गेला. तो उठून बोलायला लागला की शीतल म्हणायची, "भूतान, गप. मोठी माणसं बोलून राहिली." त्याला ते झोंबत होतं. त्याची मुलाखत जवळ आली होती. सीमेवर पहारा देणाऱ्या दलात अधिकारी होण्याची परीक्षा त्यानं लेखीत आणि मैदानात पार केली होती, आता फक्त दिल्लीचं टेबल राहिलं होतं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप होती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, मेसच्या मावशींनासुद्धा माहीत होतं.

दुसऱ्या आठवड्यात शीतल नकाशावरून चालत त्याच्याजवळ आली.

"गोविंदा, आपला सीमेचा वाद किती दिवस चालवायचा? मिटवून टाकू."

"कसा?"

"तुझ्या पश्चिमेला ते पठार हाय ना, डोकलाम. काय पिकते तिथं?"

"काही न्हाई. दगडं अन् थंडी. याक चरतात."

"ते मला दे. त्याच्या बदल्यात वर उत्तरेला ज्या खोऱ्यायवर आपला वाद हाय, तिथला हक्क मी सोडते. पठारापेक्षा लई मोठं रान हाय."

शीतलनं अभ्यास केला होता. असा अदलाबदलीचा प्रस्ताव चीननं भूतानपुढं खरोखरच ठेवलेला आहे. मी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून पाहत होते. गोविंदनं खाली वाकून पठार पाहिलं, मग खोरी पाहिली. बोटांनी अंदाज घेतला. त्याचा चेहरा उजळला.

"माळ देऊन खोरं? अन् वाद कायमचा मिटला?"

"कायमचा."

"कोण न्हाई म्हणंल मग! हाण टाळी."

टाळी झाली. मुलांनी ओरडा केला. भूताननं काहीतरी केलं होतं आणि तो फायद्यात राहिला होता. गोविंद माझ्याकडे बघून हसला, आता बोला मॅडम, असं.

मी शीतलला म्हटलं, "पठार तुझं झालं. त्यावर उभी राहा आणि दक्षिणेकडे तोंड कर. काय दिसतं?"

शीतल उभी राहिली. तिच्या पायाच्या बोटांपुढं थोडी जागा सोडून आपल्या देशाची ती चिंचोळी पट्टी होती, सिलिगुडीजवळची. एका बाजूला नेपाळ, दुसऱ्या बाजूला बांगलादेश. जिथं ती सगळ्यात अरुंद आहे तिथं तिची रुंदी आपल्या हिंगोली ते औंढा नागनाथ एवढीसुद्धा भरत नाही, जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. त्या पट्टीतून रेल्वे जाते, रस्ता जातो, आणि पलीकडं आसाम, अरुणाचल, नागालँड, सगळा ईशान्य भारत असतो.

"आई गं," शीतल म्हणाली. "मॅडम, हे तर नरडं हाय."

 भारत झालेला मुलगा, एरवी शांत असणारा, नकाशाच्या त्या टोकाकडे चालत गेला. त्याचा सख्खा भाऊ फौजेत होता, अरुणाचलात. तो म्हणाला, "माझा भाऊ पलीकडं राहून गेला." ओरडला नाही, रागावलाही नाही. जत्रेत चुकामूक झाल्यावर सांगावं तसं म्हणाला.

मग मी उरलेलं सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्याच पठारावर रस्ता बांधण्यावरून आपले आणि चीनचे सैनिक समोरासमोर उभे राहिले होते. आणि सीमेची बोलणी चार दशकं चालू आहेत, तरी ही अदलाबदल भूताननं आजवर केलेली नाही. मुलं नकाशाकडे पाहत राहिली. इतकी वर्षं शिकवतेय, पण असं पाहणं मी थोड्याच वेळा पाहिलंय.

गोविंद मात्र त्या दिवसापासून बोलेना. बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा, पण भूतान, सीमा, शेजारी असं काही आलं की अडकायचा. जिन्यात मुलं त्याला 'पठारवाले' म्हणू लागली होती. नुसती थट्टा होती, पण तो हसायचा नाही. आणि ज्या दलाची त्याची मुलाखत होती ते दल भूतानच्या सीमेवरच तैनात असतं. टेबलावर हा प्रश्न येणार हे ठरलेलंच होतं. इंगोले सर मला म्हणाले, "मॅडम, पोराला खेळात गमावू नका." मी मान हलवली. काय करायचं ते मला कळत नव्हतं. धीर देणारी भाषणं मला येत नाहीत.

त्याच आठवड्यात त्याचे वडील आले. हळद शिजवण्याचं काम नुकतंच उरकलेलं, हाताची नखं अजून पिवळी होती. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, आमचं लेकरू म्हणते, मी देस विकला. कोन्ता देस?"

मी हसू आवरलं. मी त्यांना वर घेऊन गेले. दारात त्यांनी न सांगता चपला काढल्या. मी भूतान दाखवला.

"हे एवढंच?"

"एवढंच."

काय झालं ते मी सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मग त्यात पोराचं काय चुकलं? आमच्या घरी असंच झालं होतं. आमच्या बानं मुरमाड माळ देऊन नदीकडचं वावर घेतलं, म्हणून आज हळद पिकून राहिली. अदलाबदल म्हंजे शहाणपण, हेच ऐकत वाढलं ते पोरगं."

तेव्हा मला उलगडलं की गोविंदनं टाळी इतक्या आनंदानं का दिली होती. तो आळसानं चुकला नव्हता. घरातलं सगळ्यात मोठं शहाणपण त्यानं भूतानला देऊ केलं होतं.

मी त्यांना पठारावर उभं केलं आणि दक्षिणेकडे बघायला सांगितलं. त्यांची नजर त्या चिंचोळ्या पट्टीवर गेली.

"असं हाय व्हय," ते म्हणाले. "पोरानं वावर पाह्यलं, शेजार न्हाई पाह्यला." मग थोड्या वेळानं, "अन् त्या देसाला ठाऊक हाय का, अदलाबदल केली तर आपल्याला रान जास्ती भेटते म्हणून?"

"चांगलं ठाऊक आहे."

"तरी न्हाई म्हणले?"

"नाही असंही म्हणत नाहीत. हो म्हणत नाहीत. बोलणी करतात, चहा पितात, परत येतात. पुन्हा बोलणी करतात."

"एवढ्या मोठ्या मान्साम्होरं? एवढे वर्सं?"

"हो. फक्त आपल्यासाठी असं मी म्हणणार नाही. त्यांचं तेल-मीठही त्याच पट्टीतून वर जातं. पण थांबलेत खरे."

ते खाली बसले. हळदीनं पिवळं झालेलं बोट त्यांनी भूतानच्या कडेनं फिरवलं, टेकवलं मात्र नाही.

"लई दमाचे लोक हायत," ते म्हणाले. "कोनी तिकडं जानारं भेटलं तर सांगा, हट्ट्याच्या मान्सानं राम राम घातला म्हणून."

जाताना ते अभ्यासिकेत मुलाजवळ थांबले. मी दाराबाहेर होते, नेहमीसारखी. "गोविंदा, तू काही विकलं न्हाई. तुला वावराचं कळते, देसाचं आता कळायला लागलं. जे चुकलं तेच सांग त्या सायबायला. लपवतो काहून?"



दिल्लीला जायच्या आदल्या दिवशी शेवटची सराव-मुलाखत झाली. टेबलाशी आम्ही तिघं. मध्ये एक निवृत्त फौजी अधिकारी, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. त्या बाजूच्या थंडीत त्यांनी नोकरी केलेली आहे. आवाज दणदणीत, मुलांवर माया मोठी. उजवीकडे इंगोले सर, डावीकडे मी. मी या टेबलावर गुण देते आणि बोलत नाही. साहेबांपुढं बोलायची वेळ आली की माझी वाक्यं मनातल्या मनात इंग्रजीत तयार होतात, मराठीत येईपर्यंत पुढचा प्रश्न सुरू झालेला असतो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

साहेबांनी तोच प्रश्न विचारला. "भारताच्या सुरक्षेत भूतानचं महत्त्व काय?"

गोविंद अडकला. कानामागून घामाची धार खाली आली. मग त्यानं गुडघ्यांवरचे हात उचलून टेबलावर ठेवले.

"सर, आमच्या वर्गात एक खेळ असतो. त्यात मी भूतान होतो. मला पठाराच्या बदल्यात मोठं खोरं भेटत होतं, मी घेतलं. आमच्या घरी मातीचा हिशोब शिकवतात, मी तोच लावला. मग कळलं की त्या पठाराखाली माझ्या मित्राच्या भावाचा रस्ता होता. सर, मी एका मिनिटात हो म्हटलं. तो देश इतकी वर्षं हो म्हणत नाही. त्यांच्याकडं आपल्यासारखं सैन्य न्हाई, समुद्र न्हाई. त्यांच्याकडं फक्त थांबणं हाय. भूतानचं महत्त्व हेच, सर. ते थांबलेत."

इंगोले सरांनी चष्मा काढून पुसला. साहेब मागं टेकले.

"बेटा, कहानी अच्छी है. पण टेबलावर कहाण्या चालत नाहीत. सरळ बोलायचं. भूतान आपला विश्वासू मित्र आहे, आपण त्याचं रक्षण करतो. फुल स्टॉप. 'मी चुकलो' हे तर बोलायचंच नाही. अधिकारी व्हायला निघालास ना?"

गोविंदचे हात टेबलावरून खाली गेले. मला ते दिसले. वर्षभर ज्या आवाजानं जिना दणाणायचा तो आवाज माझ्यासमोर परत आत चालला होता, आणि दुसऱ्या दिवशीची गाडी ठरलेली होती.

निकाल वाचकांना हवा असेल, म्हणून सांगून टाकते. गोविंदची निवड झाली. तो आज उत्तर बंगालच्या जंगलातल्या एका चौकीवर आहे. तिथं भूतानच्या सीमेला कुंपण नाही, पलीकडचे लोक बाजाराला येतात आणि संध्याकाळी आपल्या डोंगरात परत जातात. दिल्लीत त्याला काय विचारलं, त्यानं काय सांगितलं, हे मी विचारलेलं नाही. त्यानं सांगितलं तर ऐकेन.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, विषय तुमचा आहे. सांगा त्याला, उत्तर बदल म्हणून."

वाक्य मनात इंग्रजीत तयार व्हायला लागलं. मी ते तिथंच सोडलं.

"बदलायचं नाही, साहेब. आपण भूतानचं रक्षण करतो, हे खरं आहे. पण ते पठार त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलंय, म्हणजे तेही आपलं रक्षण करतात. हे आपण कधी म्हणत नाही, आज या मुलानं म्हटलं. गोविंद, हात परत टेबलावर घे. दिल्लीत हेच सांग, आणि चुकलो होतो तेही सांग."